किल्ल्यातला वियोग, महालातला वियोग

मुळशी तालुक्यात शंकरराव देव हे नाव लोकांच्या कानावर असते ते मुळशी सत्याग्रहामुळे. १९२१ साली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांच्या बरोबरीने जी माणसे इथल्या शेतकऱ्यांच्या बाजूने उभी राहिली, त्यांत शंकरराव होते. पुढे एकवीस वर्षांनी हेच शंकरराव काँग्रेस कार्यकारिणीचे सदस्य म्हणून अहमदनगरच्या किल्ल्यात बंदिवान झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'चा ठराव झाला आणि दुसऱ्याच पहाटे मुंबईत धरपकड होऊन ही सारी मंडळी खास गाडीने नगरला आणली गेली. पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, असफ अली, डॉ. सय्यद महमूद आणि काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद. गांधीजींना मात्र पुण्यात येरवड्याजवळच्या आगाखान महालात ठेवले.

राजकारणाच्या अंगाने हा इतिहास आपण शाळेत शिकतो आणि शिकवतो. मला इथे त्याची वेगळी बाजू मांडायची आहे. त्या कैदेत दोन माणसांच्या पत्नी वारल्या. एकाची कलकत्त्यात, तो इकडे किल्ल्यात असताना. दुसऱ्याची महालातच, त्याच्या मांडीवर. मागे राहिलेल्या या दोघांच्या शरीराचे पुढे काय झाले, याच्या नोंदी सुदैवाने उपलब्ध आहेत. जोडीदार गेल्यावर मागे उरलेल्याची तब्येत का ढासळते, आणि पुष्कळदा तोही लवकरच का जातो, या प्रश्नावर गेल्या दीडशे वर्षांत पुष्कळ अभ्यास झाला आहे. त्या अभ्यासाच्या शेजारी या दोन नोंदी ठेवून पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

नगरचा किल्ला (शहराचे नाव २०२४ पासून अहिल्यानगर झाले आहे) आपल्याला चाँदबीबीमुळे माहीत असतो. मोगलांशी तो लढवणारी चाँदबीबी स्वतः विधवा होती. विजापूरचे अली आदिलशाह १५८० साली मारले गेले, त्यानंतर ती वीस वर्षे जगली, आणि तिचे जे नाव इतिहासात आहे ते बहुतेक या वीस वर्षांतल्या कर्तृत्वाचे आहे. म्हणजे जोडीदार गेला की माणूस खचतोच असा काही कायदा नाही, हे आधीच सांगून ठेवते. मौलानांनाही किल्ल्यात पाऊल ठेवताच चाँदबीबीची आठवण झाली होती. किल्ल्यातून लिहिलेल्या पत्रांत त्यांनी या वास्तूचा इतिहास मांडला आहे.

ही पत्रे म्हणजे 'गुबार-ए-खातिर'. उर्दू शिकलेल्या माणसाला या पुस्तकाची ओळख करून द्यावी लागत नाही, पण मराठी वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. पत्रे नवाब सद्र यार जंग हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून आहेत, पण कैदेतून ती टपालात पडलीच नाहीत. मौलाना लिहून ठेवत गेले आणि १९४६ साली त्यांचे पुस्तक झाले. पहाटेचा चिनी चहा, अंगणातली फुलझाडे, खोलीत घरटे करणाऱ्या चिमण्या, खुदाचे अस्तित्व, संगीत, असे कितीतरी विषय त्यात येतात. चिमण्यांची गोष्ट मी वर्गात वाचून दाखवते तेव्हा मुले हसून लोळतात. ती मार्च १९४३ ची आहे. त्याच महिन्याच्या २३ तारखेला मौलानांना पत्नीच्या गंभीर आजाराची पहिली बातमी मिळाली.

जुलेखा बेगम यांची तब्येत आधीपासून बरी नव्हती. ३ ऑगस्ट १९४२ रोजी मौलाना मुंबईला निघाले तेव्हा त्या नेहमीप्रमाणे दारापर्यंत निरोप द्यायला आल्या. काही नवे घडले नाही तर १३ तारखेपर्यंत परत येतो, असे मौलाना त्यांना म्हणाले. त्या 'खुदा हाफिज' एवढेच बोलल्या. पुढे मौलानांना वाटत राहिले की त्यांना आणखी काही सांगायचे होते, पण त्या बोलू शकल्या नाहीत. हे सारे ११ एप्रिल १९४३ च्या पत्रात आहे आणि 'गुबार-ए-खातिर'मधले मला सर्वांत मोठे वाटते ते हेच पत्र.

आजाराची बातमी आली तेव्हा तुरुंगाच्या अधिकाऱ्याने मौलानांना सांगितले की सरकारकडे काही विनंती करायची असेल तर मी ती ताबडतोब पोचवतो. मौलानांनी साफ नकार दिला. नेहरू संध्याकाळी येऊन बराच वेळ बोलले, त्यांनाही तेच उत्तर. ज्या सरकारविरुद्ध आपण लढतो आहोत त्याच्यापुढे स्वतःच्या घरच्या दुःखासाठी हात पसरायचा नाही, असा तो बाणा होता. काँग्रेसचा अध्यक्ष, शिवाय मौलानांसारखा मानी माणूस. दुसरे काही ते करू शकले असते असे मला वाटत नाही.

त्यानंतरचे दोन-अडीच आठवडे कसे गेले? मौलानांनी आपली रोजची शिस्त मोडली नाही. जेवणाच्या वेळी टेबलावर जाऊन बसत, सोबत्यांशी बोलत. वर्तमानपत्रे दुपारी येत. अंमलदाराच्या पावलांचा आवाज आला की छातीत धडधड सुरू होई, आजच्या पेपरात ती बातमी तर नसेल? पण मौलाना दाराकडे पाठ करून बसलेले. ते घाईने उठत नसत. हसून खूण करत, टेबलावर ठेवून जा, आणि वाचायची काही निकड नसल्यासारखे आपले लिखाण चालू ठेवत. हे सगळे नाटक होते आणि आपल्या मनाचा अहंकार ते वठवत होता, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. बाहेरून आपण सब्र टिकवू शकलो, आतून बहुधा नाही, ही कबुलीही तिथेच आहे.

९ एप्रिलला दुपारी दोनच्या सुमारास मुंबई सरकारची तार हातात पडली. मौलानांच्या हिशेबाने छत्तीस वर्षांचा संसार संपला होता. पत्राच्या अखेरीस ते किल्ल्याच्या आवारातल्या एका जुन्या कबरीविषयी लिहितात. कोणाची, ते कोणालाच ठाऊक नव्हते. इथे आल्यापासून शेकडो वेळा तिच्यावर नजर गेली होती, पण त्या दिवसापासून तिच्याशी काही नवे नाते जुळल्यासारखे त्यांना वाटू लागले. अरबी कवी मुतम्मिम बिन नुवैरा याने भाऊ मालिकच्या मृत्यूवर लिहिलेला मर्सिया त्यांना आठवला. एक कबर दिसली की दुसऱ्या कबरीचे दुःख जागे होते, हा त्याचा विषय.

आपल्या उर्दू वर्तुळात हे पत्र 'जब्त' आणि 'सब्र' यांचा नमुना म्हणून वाचले जाते. बी.एड.च्या काळात मीही ते तसेच ऐकले. पुन्हा पुन्हा वाचल्यावर मात्र मला ते एका रुग्णाच्या नोंदवहीसारखे वाटू लागले. धडधडणारी छाती, कानाला लागलेली चाहूल, दिवसभर चेहऱ्यावर ओढून धरलेले हास्य. शरीर किती काळ हे सोसणार?

मौलानांच्या शरीराने किती सोसले, त्याचा आकडा 'इंडिया विन्स फ्रीडम'मध्ये आहे. अटक झाली तेव्हा वजन १७० पौंड होते. एप्रिल १९४५ मध्ये नगरहून बंगालमध्ये बांकुऱ्याला हलवले तेव्हा ते १३० पौंडांवर आले होते. भूक मेली होती, अन्न जवळजवळ जातच नव्हते. चाळीस पौंड म्हणजे सुमारे अठरा किलो. पत्नीपाठोपाठ काही महिन्यांतच भोपाळला राहणारी बहीण आबरू बेगम वारल्याची खबर आली होती, तीही याच कैदेत. पत्रांचा हिशेब पाहिला तरी काही कळते. 'गुबार-ए-खातिर'मधली बहुतेक पत्रे एप्रिल १९४३ च्या आधीची आहेत. नंतरची बोटांवर मोजण्याइतकी. शेवटचे सप्टेंबर १९४३ चे, संगीतावरचे. त्यात आग्र्याला ताजमहालाच्या चबुतऱ्यावर चांदण्या रात्री सतार वाजवल्याची आठवण आहे. विषय संगीताचा, पण मनात आलेली जागा एका बादशहाने पत्नीसाठी बांधलेली कबर. पुढे दीड वर्ष मौलाना त्याच किल्ल्यात होते, पण या संग्रहात त्या काळातले पत्र नाही. शोकामुळेच लेखणी थांबली असे मी म्हणणार नाही. तुरुंगवासाने कंटाळलेल्या माणसाला लिहिणे थांबवायला दुसरी कारणे पुष्कळ असतात. पण ज्या माणसाने आठ महिन्यांत पुस्तकभर पत्रे लिहिली त्याचे हे मौन नजरेआड करता येत नाही.

ताजमहालावरून आठवले. मुमताज महल १६३१ साली वारल्या त्या आपल्या खानदेशालगतच्या बऱ्हाणपुरात, तापीच्या काठी. शाहजहान बादशहाच्या दाढीत तोवर मोजके पांढरे केस होते, ती थोड्याच दिवसांत पांढरी झाली, असे दरबारी इतिहासकारांनी नोंदवले आहे. दरबारी लेखणीला अलंकाराची सवय असते हे खरे. पण बादशहाच्या दुःखाची खूण शरीरावर दाखवावीशी त्या काळच्या लेखकालाही वाटली. बादशहा स्वतः मात्र पुढे पस्तीस वर्षे जगला.

आता अभ्यासाकडे वळते. इंग्लंडमध्ये जन्ममृत्यूच्या आकडेवारीचे काम करणारे विल्यम फार यांनी १८५८ साली फ्रान्सचे आकडे तपासून दाखवले की विवाहितांच्या तुलनेत जोडीदार गमावलेली माणसे अधिक मरतात. 'दुःखाने गेला' ही जी गोष्ट लोक पिढ्यान् पिढ्या बोलत होते, तिला पहिल्यांदा कोष्टकात जागा मिळाली. त्यानंतरचे प्रसिद्ध काम कॉलिन मरे पार्क्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे, १९६९ सालचे. पंचावन्न आणि त्याहून अधिक वयाच्या ४,४८६ विधुरांची त्यांनी नऊ वर्षे माहिती ठेवली. पत्नी गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्यांतले २१३ जण वारले. त्याच वयाच्या विवाहित पुरुषांत जेवढे मृत्यू अपेक्षित असतात त्यापेक्षा हे प्रमाण ४० टक्क्यांनी जास्त होते. यांतले सर्वाधिक मृत्यू हृदयाच्या विकारांनी झाले. सहा महिन्यांनंतर हे प्रमाण हळूहळू उतरून इतरांसारखे झाले. म्हणजे धोक्याचा काळ सुरुवातीचा.

१९७७ साली ऑस्ट्रेलियात बार्ट्रॉप आणि सहकाऱ्यांनी २६ नुकत्याच जोडीदार गमावलेल्या माणसांचे रक्त तपासले. रोगाशी झुंजणाऱ्या पेशींचे काम काही आठवड्यांनी मंदावलेले त्यांना आढळले. जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास हृदयाचा एक विकार वर्णन केला. मोठ्या धक्क्यानंतर हृदयाची डावी पोकळी फुग्यासारखी फुगते आणि तिचा आकार अष्टपाद पकडायच्या मडक्यासारखा होतो, म्हणून नाव 'ताकोत्सुबो'. धमन्यांत अडथळा नसतो, तरी दुखणे हार्ट अॅटॅकचेच. हा विकार अधिक होतो तो वयस्क स्त्रियांना, आणि बहुतेक जणी त्यातून बऱ्या होतात.

हे वाचले की आगाखान महालाकडे वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटते. हा महाल सुलतान मुहम्मद शाह आगाखान यांनी १८९२ मध्ये बांधला. सरकारने त्याचा तुरुंग केला. ९ ऑगस्ट १९४२ ला गांधीजी तिथे आले आणि सहाच दिवसांनी, १५ ऑगस्टला, त्यांचे सचिव महादेवभाई देसाई हृदयविकाराने अचानक वारले. वय अवघे पन्नास. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्या वर्षाच्या अखेरीपासून कस्तुरबांचे हृदय साथ देईनासे झाले. डॉ. सुशीला नायर आणि मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर, हे दोघेही कैदीच, त्यांच्या उशाशी होते. पुत्र देवदास यांनी पेनिसिलिन मिळवले होते, पण जाणाऱ्या जिवाला सुया टोचू नयेत असे गांधीजींचे मत पडले. २२ फेब्रुवारी १९४४, महाशिवरात्रीची संध्याकाळ. बा गेल्या. दुसऱ्या दिवशी महालाच्या आवारात, महादेवभाईंच्या समाधीशेजारी दहन झाले. लोक विश्रांती घ्या म्हणत होते, पण चौऱ्याहत्तर वर्षांचे गांधीजी उन्हात तिथून हलेनात. बासष्ट वर्षांच्या सहवासानंतर शेवटचा निरोप असा अर्धवट कसा घेऊ, असे त्यांचे म्हणणे होते.

व्हाइसरॉय वेव्हेल यांचे सांत्वनाचे पत्र आले. गांधीजींनी उत्तरात लिहिले की बा यातनांतून सुटल्या याचे त्यांच्यासाठी समाधान आहे, पण ही उणीव आपल्याला वाटले होते त्याहून जास्त जाणवते आहे. गांधीजींनी मृत्यूवर आयुष्यभर विचार केला होता. तरीही अंदाज चुकला. मौलानांनी जे स्वतःशी आणि कागदाशी बोलून दाखवले तेच गांधीजींनी सरकारी पत्रात लिहिले.

सुमारे सात-आठ आठवड्यांनी, एप्रिलच्या मध्यात, गांधीजींना मलेरिया झाला. ताप चढला, रक्त कमी झाले, रक्तदाब घसरला. डॉक्टरांचे अहवाल इतके चिंतेचे होते की कैदेत मृत्यू झाला तर देश पेटेल या भीतीने सरकारने ६ मे १९४४ ला त्यांना सोडून दिले. बाहेर आल्यावर पोटात कृमी आणि आमांश यांचेही निदान झाले. जुहू, मग पाचगणी, असे महिने विश्रांतीत गेले. ते बरे होत गेले तेव्हा गांधी अजून मेले कसे नाहीत अशी विचारणा चर्चिल यांनी तारेने केली, असे वेव्हेल यांनी आपल्या रोजनिशीत लिहून ठेवले आहे. साम्राज्याच्या प्रमुखालाही ही तब्येत फार काळ टिकणार नाही असेच वाटले असावे.

इथे इतिहास शिकवणाऱ्याने जपून बोलायला हवे. मलेरिया डासामुळे होतो, विरहामुळे नाही. आदल्या वर्षीच्या उपोषणाने शरीर आधीच खंगले होते. मौलानांच्या वजनातही तुरुंगाचे अन्न, हवा, काळजी यांचा वाटा असणार. सांख्यिकीतही हाच पेच आहे. नवराबायको एकाच चुलीचा धूर आणि एकाच घरातली गरिबी वाटून घेतात, एकाच तांब्याने पाणी पितात. एकाला क्षय असला तर दुसऱ्यालाही होतो. मग दुसऱ्याचा मृत्यू शोकाने झाला की त्याच घराने त्याला मारले? पार्क्स यांच्या अभ्यासात सुमारे पाचवा हिस्सा विधुर पत्नीच्याच प्रकारच्या आजाराने वारले होते. चार हजारांचा हिशेब केला की शोकाचा वाटा दिसतो, एका माणसाच्या बाबतीत तो वेगळा काढून दाखवता येत नाही. तरीही मृत्यूपासून सात-आठ आठवडे, ढासळलेली ताकद आणि पाठोपाठ आलेले दुखणे, हा क्रम अभ्यासकांच्या ओळखीचा आहे एवढे नक्की म्हणता येईल.

दोघेही त्या पहिल्या काळातून वाचले. मौलाना पुढे पंधरा वर्षे जगले आणि २२ फेब्रुवारीलाच, १९५८ साली, गेले. गांधीजींना नैसर्गिक मरण आलेच नाही. ते का वाचले असतील? मला याचे उत्तर त्यांच्या भोवतालच्या माणसांत दिसते. गांधीजींजवळ दोन डॉक्टर आणि जीव लावणारी माणसे होती. जेवण, झोप, ताप यांची नोंद ठेवली जात होती. मौलानांजवळ अकरा सोबती होते, आणि त्यांत असे दोघे तरी होते ज्यांनी हे दुःख आधीच भोगले होते. सरदार पटेलांना १९०९ साली पत्नी झवेरबा गेल्याची तार कोर्टात उलटतपासणी चालू असताना मिळाली. ती त्यांनी वाचून खिशात ठेवली आणि काम पुरे केले. नेहरूंच्या पत्नी कमला १९३६ साली स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. दोघांनीही पुन्हा लग्न केले नाही. मुंबईत जिनांच्या पत्नी रतनबाई १९२९ मध्ये गेल्या. दफनाच्या वेळी हा कठोर माणूस रडला, ही आठवण न्या. छागलांनी लिहिली आहे. त्यानंतर बहीण फातिमा आपला दातांचा दवाखाना बंद करून भावाचे घर सांभाळायला आल्या. मोठ्या माणसांच्या चरित्रांत अशी एखादी बहीण, लेक किंवा सोबती जवळजवळ हमखास सापडते. चरित्रकार तिला दोन ओळी देतात.

खेड्यातल्या म्हाताऱ्या पुरुषाला असे कोणी मिळतेच असे नाही. आमच्या गावच्या एका चाचांची गोष्ट. चाची गेल्या तेव्हा मय्यतीला गाव लोटले, तीन दिवस शेजारून जेवण आले, सियुम झाले, आणि मुलगा पिंपरीला कामावर परत गेला. चाचांना रक्तदाबाची गोळी होती. ती कुठल्या डब्यात आहे, सकाळी घ्यायची की रात्री, हे चाचींना माहीत होते, चाचांना नव्हते. चूल पेटवणे जमेना म्हणून चहा-पावावर दिवस निघू लागला. बिडी वाढली. मुळशीचा पाऊस तुम्हाला ठाऊक आहे, चार-चार दिवस घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. नमाजाला मशिदीत आले नाहीत तेव्हा कोणीतरी डोकावले. चाचांनी तो पावसाळा काढला नाही. लोक म्हणाले, मोहब्बत किती होती बघा. मोहब्बत होतीच. पण गोळीचा डबाही होता.

आपल्या शरीयतने विधवेसाठी चार महिने दहा दिवसांची इद्दत ठरवली आहे. सूरह बकरामध्ये ती स्पष्ट आहे, गरोदर असेल तर प्रसूतीपर्यंत. इतर कोणाही मृतासाठी तीन दिवसांहून जास्त सोग नाही. इद्दतीवर टीका करणारे तिला कोंडवाडा म्हणतात, आणि काही घरांत तिचा कोंडवाडा होतोही. औषधपाण्यासाठी, पोटापाण्यासाठी बाहेर जायला उलेमांची परवानगी असताना बाईला तापात फणफणताना दवाखान्यात नेत नाहीत, हे मी पाहिले आहे. पण इद्दतीची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. त्या काळात बाई एकटी नसते. कोणीतरी तिच्याजवळ झोपते. तिच्याकडून कामाची अपेक्षा नसते, ती रडली तर कोणी तिला 'मर्द बन' म्हणत नाही. दुःखाला एक मुदत आणि एक जागा मिळते. गंमत अशी की आकडेवारीने जो धोक्याचा काळ दाखवला, पहिले सहा महिने, त्याच्याशी ही मुदत बरीचशी जुळते. आणि त्याच आकडेवारीप्रमाणे त्या काळात अधिक धोका पुरुषाला असतो, ज्याच्यासाठी काहीच ठरवलेले नाही. पुरुषावर इद्दत असावी असे माझे म्हणणे नाही, त्यामागची कारणे निराळी आहेत. मात्र त्याच्या सोगाला मुदत तीनच दिवस असली तरी त्याच्या विचारपूस करण्याला तर कोणी मुदत घातलेली नाही. खुद्द पैगंबर साहेबांच्या चरित्रात हजरत खदीजा गेल्या त्या वर्षाला 'आमुल हुज्न', दुःखाचे वर्ष, असे नाव आहे. पुढे कितीतरी वर्षे ते त्यांची आठवण काढत आणि त्यांच्या मैत्रिणींकडे गोश्त पाठवत. एवढी मोठी सुन्नत असताना आपल्याकडे विधुराने पत्नीचे नाव काढले की माणसे विषय बदलतात.

स्त्रियांची कहाणी पहिल्या सहा महिन्यांनंतर सुरू होते. २०११ च्या जनगणनेत देशात चार कोटींहून अधिक विधवा होत्या. विधुरांची संख्या त्याच्या जवळपासही नव्हती, कारण नवरे वयाने मोठे असतात आणि पुरुष पुन्हा लग्न करतात. परदेशी अभ्यासांत स्त्रिया हा धक्का पुरुषांपेक्षा बऱ्या पचवताना दिसतात. आपल्याकडे चित्र तसे नाही. लोकसंख्याशास्त्रज्ञ मारी भट यांनी काढलेल्या हिशेबात वयस्क विधवांचा मृत्युदर त्याच वयाच्या सधवांपेक्षा सरासरी ८६ टक्क्यांनी जास्त निघाला. हे नुसत्या दुःखाने होत नाही. बांगलादेशात मतलब भागात झालेल्या अभ्यासाने त्याचा उलगडा केला. जी विधवा स्वतः घराची कर्ती आहे किंवा जिचा मुलगा कर्ता आहे, तिचे आयुष्य फारसे घटत नाही. जी दुसऱ्याच्या घरात आश्रित आहे ती लवकर जाते. म्हणजे घर कोणाचे आणि ताटात आधी कोणाच्या वाढतात, यावर पुढचे ठरते.

इथे आपल्या कायद्याची आठवण करून देणे भाग आहे. मुले असतील तर नवऱ्याच्या मालमत्तेत विधवेला आठवा हिस्सा, नसतील तर चौथा. मेहेर राहिला असेल तर तो कर्ज म्हणून वाटणीच्या आधी द्यायचा. हे कुराणातले आणि फिकहमधले हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतात. तरी चाळिसावा होत नाही तोच हक्कसोडीच्या कागदावर अंगठा घेतला जातो. 'माफ केले' असे बाईच्या तोंडून वदवून घेतात. मुळशीत तर जमिनीचे भाव पुण्याच्या वाढीबरोबर असे चढले की गुंठ्यासाठी सख्खी माणसे कोर्टात उभी आहेत. अशा वेळी आठव्या हिश्शाची बाई सगळ्यांनाच अडचण वाटते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे बंद करण्याचा ठराव केला, राज्य सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. चांगलेच झाले. बांगड्या आमच्या घरांतही फोडतात, शरीयतमध्ये त्याला काही आधार नसताना. पण शाबूत बांगड्यांनी पोट भरत नाही. सातबाऱ्यावर नाव लागले तर आयुष्याची वर्षे वाढतात, मतलबच्या आकड्यांचा अर्थ मी तरी असाच लावते.

सावित्रीबाई फुल्यांचे उदाहरण पुण्याच्या माणसाला सुचल्याशिवाय राहत नाही. जोतीराव नोव्हेंबर १८९० मध्ये गेले. सावित्रीबाई पुढे सहा वर्षे सत्यशोधक समाजाचे काम पाहत होत्या आणि १० मार्च १८९७ ला प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता त्याच साथीने गेल्या. त्यांच्याजवळ काम होते, मुलगा यशवंत होता, मान होता. सगळ्याच बायांना एवढे मिळत नाही.

मौलाना आझादांची बांकुऱ्याहून १५ जून १९४५ ला सुटका झाली. हावडा स्टेशनावर माणसांचा समुद्र लोटला होता, मोटार हारांनी भरून गेली. घरी न जाता त्यांनी मोटार जुलेखा बेगमच्या कबरीकडे घ्यायला सांगितली. हारांतला एक हार उचलून त्यांनी कबरीवर ठेवला आणि मुकाट्याने फातेहा पढली. बेगम जाऊन दोन वर्षे दोन महिने झाले होते. २५ जूनला ते सिमल्याला व्हाइसरॉयच्या परिषदेत बसले होते.